न्नेवी कुठे आहे? : आंतरराष्ट्रीय व्यवसाय-अभ्यासातल्या एका ‘पोकळी’चा शोध

वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात मी डिस्पॅच विभागात कारकून होते. माल म्हणजे मोटारसायकलचे सुटे भाग : क्लच प्लेट, चेन-स्प्रॉकेट, ब्रेक शू. बराचसा माल देशातच खपे. थोडा मुंबईच्या एका निर्यातदारामार्फत न्हावा शेवाहून आफ्रिकेला जाई. लाकडी क्रेटवर स्टेन्सिलने बंदराचे आणि गिऱ्हाइकाचे नाव उमटवून घ्यायचे, ते पॅकिंग लिस्टशी ताडून पाहायचे, हे माझे काम. मोंबासा, दार-ए-सलाम, लागोस ही नावे मुलाच्या शाळेच्या नकाशात सापडत. 2003 च्या सुमारास एक नवे नाव येऊ लागले : न्नेवी. सुरुवातीचे दोन ‘न’ म्हणजे टायपिंगची चूक असे समजून मी एक ‘न’ काढून टाकला. पुढच्या फॅक्समध्ये गिऱ्हाइकाने गावाचे नाव मोठ्या अक्षरांत, दोन्ही ‘न’सह लिहून पाठवले.

त्याच गिऱ्हाइकाने आणखी दोन गोष्टी मागितल्या. एक, क्लच प्लेटचे अस्तर अधिक टिकाऊ हवे. कारण त्याच्याकडे एका गाडीवर तीन-तीन माणसे बसतात आणि रस्ता मातीचा असतो. दोन, डब्यावर आमचे नव्हे, त्याचे स्वतःचे नाव छापावे. आमचे मालक हसले. ‘‘टपरीवाला माणूस, आणि म्हणे स्वतःचा ब्रँड!’’ मीही हसले होते, हे लपवत नाही.

पुढे कारखाना बंद पडला आणि हाताशी वेळ आला. माझी पदवी वाणिज्य शाखेची, तीही बहिःस्थ. ‘आंतरराष्ट्रीय व्यवसाय’ नावाची एक स्वतंत्र विद्याशाखा आहे, तिचे स्वतःचे नियतकालिक 1970 पासून निघते, हे मला चाळिशीनंतर कळले. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून पाठ्यपुस्तके आणली, एका प्राध्यापक मैत्रिणीकडून शोधनिबंध मिळवले. माझ्या डोक्यात प्रश्न एकच होता : न्नेवीचा तो माणूस यात कुठे भेटतो? या लेखात त्या शोधाची हकिकत आहे आणि त्यातून निघालेली तक्रारही.

चार स्वीडिश कंपन्या

या शाखेतला सर्वांत जास्त उद्धृत होणारा सिद्धान्त स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या नावाने ओळखला जातो. यान योहान्सन आणि यान-एरिक वाल्ने यांनी तो 1977 मध्ये मांडला. त्याच्या मागचा अभ्यास दोन वर्षे आधीचा, चार स्वीडिश कंपन्यांचा होता : सँडविक, अॅटलास कोप्को, फॅसिट आणि व्होल्वो. कंपनी परदेशी जाताना आधी जवळच्या, ओळखीच्या देशांत जाते. आधी दलाल नेमते, मग विक्री कार्यालय उघडते, मग कारखाना. भाषा, शिक्षण, व्यवहाराच्या रीती यांतल्या फरकाला त्यांनी ‘मानसिक अंतर’ म्हटले. सिद्धान्त साधा आहे आणि त्या चार कंपन्यांपुरता पटण्यासारखाही आहे.

आता न्नेवीकडे पाहू. हे नायजेरियाच्या आग्नेय भागातल्या अनंब्रा राज्यातले, इग्बो लोकांचे गाव. मोटारसायकल आणि मोटारींच्या सुट्या भागांची पश्चिम आफ्रिकेतली एक मोठी पेठ. इथल्या व्यापाऱ्यांनी मूळ भागांचे नमुने तैवानला नेले, तिथे तसेच भाग बनवून घेतले आणि स्वतःच्या नावाच्या डब्यांत घालून विकले. पुढे तैवानहूनच यंत्रे आणि तंत्रज्ञ आणून काहींनी गावातच कारखाने काढले. ब्रिटिशांची वसाहत राहिलेल्या, इंग्रजीत कारभार चालणाऱ्या देशातल्या माणसाला ‘मानसिक अंतरा’च्या हिशेबाने लंडन जवळचे आणि तैपेई दूरचे. तो गेला तैपेईला. सिद्धान्ताची परीक्षा घ्यायला याहून चांगले उदाहरण कुठले?

इथे न्यायाने एक नोंदवले पाहिजे. 2009 मध्ये याच दोघांनी आपला सिद्धान्त सुधारला. अंतरापेक्षा ओळखीच्या जाळ्यात आपण आहोत की जाळ्याबाहेर, हे महत्त्वाचे, असे म्हटले. ही सुधारणा न्नेवीच्या खूप जवळ येते. फक्त ती न्नेवीवरून सुचलेली नाही. जे त्या पेठेत कित्येक वर्षे उघड्यावर चालले होते, तिथवर पोचायला सिद्धान्ताला बत्तीस वर्षे लागली.

सात देश, दोन गाठोडी

दुसरा खांब हॉफस्टेड यांचा. खेर्ट हॉफस्टेड यांनी 1967 ते 1973 या काळात आयबीएमच्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या एक लाखाहून अधिक प्रश्नावल्या तपासल्या आणि देशोदेशींच्या संस्कृतींना गुण दिले. 1980 च्या त्यांच्या ग्रंथात चाळीस देश होते. आफ्रिका खंडातला त्यात एकच होता, आणि तो म्हणजे वर्णभेदाच्या काळातला दक्षिण आफ्रिका. नंतर आणखी देश आले, तेव्हा सहाराच्या दक्षिणेकडचे सात देश दोन गाठोड्यांत बांधले गेले. घाना, नायजेरिया, सिएरा लिओन मिळून ‘पश्चिम आफ्रिका’. इथिओपिया, केनिया, टांझानिया, झांबिया मिळून ‘पूर्व आफ्रिका’. एका गाठोड्याला एक आकडा.

कारण समजण्यासारखे आहे : एकेका देशातून आलेल्या प्रश्नावल्या थोड्या होत्या. पण पुढे काय झाले ते पाहा. 1988 मध्ये कोगुट आणि सिंग यांनी या गुणांवरून दोन देशांतले सांस्कृतिक अंतर काढायचे एक सूत्र दिले. सूत्र सोपे, आकडे तयार. संशोधकांची पिढीच्या पिढी त्यावर पोसली गेली. गाठोड्यातला आकडा सूत्रात घातला की घाना आणि नायजेरिया यांच्यात अंतर उरत नाही. नायजेरियाच्या आतले हौसा, योरुबा, इग्बो हे तर दिसतच नाहीत.

आणि काळ कुठला? 1967 ते 1970 या वर्षांत नायजेरियात यादवी चालू होती. इग्बोबहुल पूर्व प्रांत ‘बियाफ्रा’ या नावाने फुटून निघाला. युद्ध आणि उपासमार यांत लाखो माणसे मेली. त्याच वर्षांवर पडणाऱ्या सर्वेक्षणातून पश्चिम आफ्रिकेची ‘संस्कृती’ ठरली आणि संगणक कंपनीच्या पगारी नोकरांच्या उत्तरांवरून ती पेठेतल्या व्यापाऱ्यालाही लावली गेली. मराठवाड्यातल्या माणसाचा स्वभाव मुंबईतल्या एखाद्या बहुराष्ट्रीय कंपनीच्या कचेरीतून ठरवावा, तसे हे झाले.

पोकळी म्हणजे काय?

‘उदयोन्मुख बाजारपेठ’ हा शब्द 1981 मध्ये अँटोइन व्हॅन अगटमाएल यांनी काढला. ते तेव्हा जागतिक बँकेच्या गटातल्या वित्त महामंडळात होते, आणि ‘तिसरे जग’ म्हटले की गुंतवणूकदार पुढे येत नाहीत, अशी त्यांची अडचण होती. म्हणजे शब्दाचा जन्मच गुंतवणूकदाराला धीर देण्यासाठी झाला. 1997 मध्ये तरुण खन्ना आणि कृष्णा पलेपू यांनी त्यात भर घातली ‘संस्थात्मक पोकळी’ या कल्पनेची. अशा देशांत पत ठरवणाऱ्या संस्था नसतात, करार पाळायला लावणारी न्यायालये दुबळी असतात, कामगार शिकवून तयार करणाऱ्या शाळा नसतात. म्हणून टाटांसारखे उद्योगसमूह ही कामे स्वतःच्या घरात करून घेतात, असे त्यांचे म्हणणे.

ही कल्पना मला मोलाची वाटते. एकाच समूहाने मीठ, पोलाद आणि हॉटेल का चालवावे, याचे उत्तर तीत आहे. पण तिचे नाव घात करते. अमेरिकेत जे आहे ते इथे नाही, ही झाली ‘पोकळी’. मोजमापाची पट्टी आधीच ठरलेली. शिवाय पोकळी भरणारा दिसतो तोही मोठाच असावा लागतो : समूह, बहुराष्ट्रीय कंपनी, फार तर सरकार.

केनियातल्या एम-पेसाची कथा पाठ्यपुस्तकांत याच साच्यात बसवली जाते. बँका नव्हत्या, कंपनीने मोबाइलवरून पैसे आणले, पोकळी भरली. वास्तविक 2005 मधली चाचणी सूक्ष्मकर्जाचे हप्ते फेडण्यासाठी होती. लोकांनी ती सोय गावी पैसे पाठवायला वापरली. मोबाइलचा टॉकटाइम एकमेकांना पाठवून त्याचेच पैसे करायची रीत आधीपासून होती. 2007 मध्ये सेवा सुरू झाली ती ‘घरी पैसे पाठवा’ याच आवाहनाने. म्हणजे कंपनीने लोकांची रीत ओळखली आणि तिला यंत्र दिले. तेच यंत्र 2013 मध्ये भारतात आले आणि काही वर्षांत गुंडाळावे लागले. दक्षिण आफ्रिकेतही ते टिकले नाही. उत्पादन तेच, नाव तेच. फरक कशात होता, हे कळायला आधी तिथे काय चालू होते ते पाहावे लागते.

न्नेवीत काय होते

1970 मध्ये युद्ध संपले. इग्बो माणसाची बँकेत कितीही ठेव असो, त्याच्या हातावर वीस पौंड ठेवण्यात आले. दोन वर्षांनी परकीय कंपन्यांचे भाग देशी लोकांना विकण्याचा हुकूम निघाला. आंतरराष्ट्रीय व्यवसायाच्या चर्चेत हा हुकूम ‘राजकीय जोखीम’ या प्रकरणात येतो. कंपन्यांनी त्याला कसे तोंड दिले, हे तिथे वाचायला मिळते. वीस पौंड घेऊन घरी परतलेल्यांकडे ते भाग विकत घ्यायला पैसा नव्हता, ही बाजू त्या प्रकरणात नसते.

त्यांच्याकडे होती उमेदवारीची पद्धत. तिला ‘इग्बा बोई’ म्हणतात. मुलगा व्यापाऱ्याकडे पाच-सात वर्षे राहतो. झाडलोट करतो, माल ओळखायला शिकतो, गिऱ्हाईक सांभाळतो, उधारी वसूल करतो. मुदत संपली की मालक त्याला भांडवल किंवा माल देऊन स्वतंत्र दुकान थाटून देतो. तोच उद्या मालकाच्या शेजारी त्याच्याशी स्पर्धा करतो आणि स्वतःकडे नवे उमेदवार ठेवतो.

खन्ना-पलेपू यांची यादी इथे पुन्हा काढून पाहा. कामगार तयार करणारी शाळा? सात वर्षांचे दुकान. पत ठरवणारी संस्था? सात वर्षे गल्ला सांभाळलेल्या मुलाची पत मालकाइतकी कोणाला ठाऊक? करार पाळला जाण्याची हमी? दोन्ही घरे एकाच गावची, आणि फसवणाऱ्याला पेठेत उभे राहता येत नाही. भांडवल? मालकाने दिलेले, शिवाय बचतमंडळ्या. पश्चिम आफ्रिकेतली ‘एसुसु’ म्हणजे आपली भिशीच. पोकळी म्हणावी अशी जागा इथे फारशी उरत नाही. आमचे गिऱ्हाईक स्वतःच्या नावाचा डबा मागत होते, ते या रीतीने मोठे झालेल्या पेठेतून.

हे कुणी लिहिलेच नव्हते, असे नाही. डेबोरा ब्रॉटिगम यांचा न्नेवीवरचा निबंध 1997 मध्ये, म्हणजे ‘पोकळी’ ज्या वर्षी जन्मली त्याच वर्षी, ‘वर्ल्ड डेव्हलपमेंट’ या नियतकालिकात आला. तो वाचला त्या रात्री मी जुनी फाइल काढून गावाचे स्पेलिंग पुन्हा पाहिले. दोन्ही ‘न’ जागच्या जागी होते. पण ब्रॉटिगम राज्यशास्त्राच्या अभ्यासक, आणि नियतकालिक विकासशास्त्राचे. व्यवसाय-अभ्यासाचे कपाट वेगळे.

याच दुसऱ्या कपाटात इतरही बरेच आहे. पॉली हिल यांनी 1963 मध्ये दाखवले की दक्षिण घानाचे कोको पिकवणारे शेतकरी गट करून जमिनी विकत घेत आणि त्या गटांना चक्क ‘कंपनी’ म्हणत. याच शेतकऱ्यांच्या जोरावर हा प्रदेश 1911 च्या सुमारास जगातला सर्वांत मोठा कोको निर्यातदार झाला होता. याहून आंतरराष्ट्रीय व्यवसाय तो कुठला? केनेथ किंग यांनी केनियाच्या ‘जुआ काली’ म्हणजे रणरणत्या उन्हात काम करणाऱ्या कारागिरांवर 1996 मध्ये पुस्तक लिहिले. कीथ हार्ट यांनी आक्रामधल्या स्थलांतरितांच्या मिळकतीचा अभ्यास करून ‘अनौपचारिक’ हा शब्द रूढ केला. त्या शब्दाचेही दुर्दैव तेच झाले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2018 च्या अहवालानुसार आफ्रिकेतला सुमारे 86 टक्के रोजगार अनौपचारिक आहे. शंभरातल्या शहाऐंशी जणांचे नाव आपण ‘जे औपचारिक नाहीत ते’ असे ठेवतो, मग त्यांचे व्यवहार कशाने बांधलेले आहेत, हे विचारायचेच राहते.

भाबडेपणाही नको

दुसऱ्या टोकाला जाण्याचा धोका मला दिसतो. गेल्या काही वर्षांत इग्बो उमेदवारीचे कौतुक सुरू झाले आहे. 2021 मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’ने न्दुबुइसी एकेक्वे यांचा लेख छापून तिला नव्या भांडवलशाहीचा नमुना म्हणून पुढे आणले. लेख आला याचा आनंदच आहे. पण नमुना म्हटले की काटे काढून टाकले जातात. मुदत भरत आली की चोरीचा आळ घालून मुलाला रिकाम्या हाताने घालवणारे मालक असतात. तक्रार करायला कागद नसतो. पेठेची ही वाट मुख्यतः मुलग्यांचीच राहिली. गावकीची हमी ही गावकीबाहेरच्यासाठी बंद दार असते. ब्रॉटिगम यांच्या निबंधाच्या शीर्षकातच राज्यसंस्थेची जागा भरून काढण्याचा उल्लेख आहे, आणि त्यातून मर्यादाही कळते : ओळखीचे जाळे तैवानहून यंत्र आणू शकते, गावाला वीज आणि रस्ता देऊ शकत नाही.

म्हणून ‘पोकळी’ या शब्दाऐवजी ‘खजिना’ असा शब्द घालावा, असे मी म्हणत नाही. मागणे एवढेच आहे की, ‘इथे काय नाही’ हे विचारण्याआधी ‘इथे हे काम कोण करते, कशाच्या बळावर आणि कोणाला बाहेर ठेवून’ हे विचारावे. सिद्धान्त सोपाच असावा लागतो, सगळे गाव त्यात मावत नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. पण चार स्वीडिश कंपन्यांवरून सिद्धान्त होऊ शकतो, तर एका पेठेवरून का नाही? एक जग समजून घेण्याची जागा ठरते आणि दुसरे फक्त सिद्धान्त लावून पाहण्याची, याला सोपेपणाची गरज हे उत्तर पुरत नाही.

आपली नजर

दोष पाश्चात्त्यांवर टाकून मोकळे होता येणार नाही. 2010 मध्ये भारती एअरटेलने झेन कंपनीचा पंधरा आफ्रिकी देशांतला व्यवसाय 10.7 अब्ज डॉलरना घेतला. दर पाडा, बोलणे वाढेल, हे भारतातले गणित तिथे लगेच जमले नाही. बरीच वर्षे तोटा झाला. आपल्याकडे यावर जे लिहिले गेले आणि माझ्या वाचनात आले, त्यात प्रश्न एकच : भारतीय कंपनीने काय शिकावे? नायक कंपनी, आफ्रिका रंगमंच. पात्रांच्या नावांत बदल झाला, संहिता तीच राहिली.

आपल्या अंगणातले उदाहरण तर याहून ठळक आहे. आकुर्डी आणि वाळूज ही नावे जिच्याशी जोडलेली आहेत त्या बजाजची रिक्षा टांझानियात ‘बजाजी’ या सामान्यनामाने ओळखली जाते. मोटारसायकल-टॅक्सीला नायजेरियात ‘ओकाडा’ म्हणतात, एका विमान कंपनीच्या नावावरून थट्टेने पडलेले नाव. युगांडा-केनियात तीच ‘बोडा बोडा’. बुसियाच्या सीमेवर एका हद्दीतून दुसऱ्या हद्दीत सायकलवर माणसे नेणाऱ्यांच्या आरोळीवरून आलेले. महाराष्ट्रात जुळलेल्या गाडीवर तिथले तरुण पोट भरतात, गाडीला शब्द देतात, तिचे अस्तर बदलून मागतात. निर्यातीचे आकडे आपल्या वर्तमानपत्रांत येतात. ते तरुण येत नाहीत.

आणि पुरावे आपल्याच हातून जातात. आमचा कारखाना बंद झाला तेव्हा पंधरा वर्षांच्या पॅकिंग लिस्ट, फॅक्स, नापसंतीची पत्रे, नमुन्यांची रेखाटने असे सगळे रद्दीवाल्याने किलोवर नेले. कोणत्या गावाने काय मागितले, काय परत पाठवले, उधारी किती दिवस चालली, कोणाच्या शब्दावर चालली, हे सगळे त्या पोत्यांत होते. वाळूज, चिखलठाणा, चाकण, भोसरी इथल्या किती लहान कारखान्यांतून अशी पोती गेली असतील! व्यवस्थापनशास्त्राचे विद्यार्थी मात्र सूत्रात आकडा घालून नायजेरियाचे अंतर काढत बसतात. मी एका विद्यापीठ विभागात ही कागदपत्रे जपण्याविषयी बोलले होते. ‘याला संदर्भमूल्य काय?’ असे विचारले गेले. मी तेव्हा गप्प बसले. हा लेख त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर समजावे.

माझ्याकडे एकच फाइल उरली आहे. टिकाऊ अस्तराच्या मागणीचा फॅक्स तीत आहे. फॅक्सचा कागद दरवर्षी फिका पडतो, म्हणून मी तो हाताने उतरवून ठेवला आहे. आम्ही अस्तर बदलून दिले होते, आणि डब्यावर त्याचे नावही छापले होते. नंतर तीच प्लेट मालकांनी इथल्या बाजारातही आणली. आपल्याकडेही एका गाडीवर तिघे बसतातच. त्या सुधारणेचे श्रेय आमच्या दप्तरात ‘उत्पादन विभाग’ असे लिहिलेले होते.